विंडोज सर्व्हरवरील डेटाबेस-क्लस्टर : उभारणी आणि तिच्यामागील तत्त्वे

एखाद्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाचे, बँकेचे किंवा रुग्णालयाचे नोंदींचे सर्व काम एकाच संगणकावर अवलंबून असले, तर तो संगणक बंद पडताच ते काम थांबते, हे उघड आहे. या अडचणीवर सहज सुचणारा उपाय म्हणजे जोडीला दुसरा संगणक सज्ज ठेवणे. परंतु हा उपाय वाटतो तितका सरळ नाही. पहिला संगणक खरोखरच बंद पडला आहे, की दोघांमधील तार तेवढी तुटली आहे, हे दुसऱ्याने ओळखावे कसे? ते ओळखण्यात चूक होऊन दोन्ही संगणक एकाच वेळी एकाच डिस्कवर लिहू लागले, तर काय होईल? सेवा काही मिनिटे थांबणे ही गैरसोय होय. नोंदी विस्कटणे ही हानी होय. डेटाबेस-क्लस्टरची पुष्कळशी रचना या हानीपासून बचाव करण्यासाठीच झालेली आहे. हे ध्यानात न घेता केवळ पडद्यावरील सूचनांप्रमाणे पुढे जात राहिल्यास क्लस्टर उभा राहतो खरा, पण प्रसंगी तो उपयोगी पडेलच अशी शाश्वती राहत नाही.

प्रस्तुत विवेचनासाठी विंडोज सर्व्हरवरील मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीचे, दोन यंत्रे व एक सामायिक डिस्क असलेले, साधे उदाहरण घेतले आहे.

१. पूर्वपीठिका

एक यंत्र बंद पडले तरी काम चालू राहावे, ही कल्पना जुनी आहे. टँडेम या कंपनीने १९७६ मध्ये याच हेतूने बनविलेला संगणक बाजारात आणला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचा व्हॅक्सक्लस्टर १९८३ चा. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९७ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या एंटरप्राइझ आवृत्तीत प्रथम दिली. तिचे सांकेतिक नाव ‘वुल्फपॅक’ असे होते, आणि तीत दोनच यंत्रे जोडता येत.

या रचनांमध्ये तत्त्वाचा एक महत्त्वाचा भेद आहे. व्हॅक्सक्लस्टरमध्ये अनेक यंत्रे एकच डिस्क एकाच वेळी वापरीत आणि परस्परांच्या आड येऊ नये म्हणून कुलपांची एक सामायिक व्यवस्था पाळीत. ओरॅकलने २००१ मध्ये आपल्या नवव्या आवृत्तीबरोबर आणलेली ‘रिअल ॲप्लिकेशन क्लस्टर्स’ ही रचना याच कुळातील आहे. विंडोजच्या क्लस्टरने दुसरा मार्ग पत्करला. तीत डिस्क दोन्ही यंत्रांना जोडलेली असली, तरी कोणत्याही क्षणी तिचा मालक एकच असतो. दुसरे यंत्र केवळ वारसदार म्हणून थांबलेले असते. यावरून असे दिसते की, या पद्धतीच्या क्लस्टरमुळे डेटाबेसचा वेग वाढत नाही. त्याची उपलब्धता तेवढी वाढते. दोन यंत्रे घेतली म्हणजे काम दुप्पट होईल, ही अपेक्षा येथे गैरलागू आहे.

२. फेलओव्हरमध्ये नेमके काय घडते

मालक-यंत्र बंद पडल्यावर त्याचे काम दुसऱ्याकडे जाणे यास फेलओव्हर म्हणतात. चालू असलेले काम जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवले जाते, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तसे काहीही होत नाही. पहिल्या यंत्राच्या स्मृतीत जे होते ते नष्ट होते. दुसरे यंत्र डिस्कचा ताबा घेते, डेटाबेस-सेवेचे नाव व पत्ता आपल्याकडे घेते आणि ती सेवा नव्याने सुरू करते.

असे असूनही पूर्ण झालेले व्यवहार सुरक्षित राहतात, ते लॉगच्या नियमामुळे. डेटाबेसमधील कोणताही बदल मूळ पानावर डिस्कमध्ये उतरण्यापूर्वी त्याची नोंद लॉगमध्ये उतरलीच पाहिजे, आणि व्यवहार पूर्ण झाला असे सांगण्यापूर्वी त्याचा लॉग डिस्कवर पोहोचलाच पाहिजे, असा हा नियम आहे. सी. मोहन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एरिस’ या पद्धतीने या प्रक्रियेला शास्त्रशुद्ध रूप दिले. एसक्यूएल सर्व्हरची पुनःस्थापना याच पद्धतीच्या धर्तीवर चालते : प्रथम लॉगचे परीक्षण, मग नोंदलेल्या बदलांची पुनरावृत्ती, आणि शेवटी अपुऱ्या राहिलेल्या व्यवहारांचे निरसन.

समजा, एका विद्यार्थ्याचे शुल्क जमा झाल्याची नोंद पूर्ण झाली, आणि दुसऱ्याची अर्ध्यावर असताना यंत्र बंद पडले. दुसऱ्या यंत्रावर सेवा सुरू झाल्यावर पहिली नोंद कायम असेल व दुसरी मुळात झालीच नव्हती असे दिसेल. मात्र दोन्ही विद्यार्थ्यांचे काम करणाऱ्या कार्यक्रमांचा डेटाबेसशी असलेला संबंध तुटलेला असेल, आणि तो पुन्हा जोडून अपुरे काम नव्याने पाठविण्याची जबाबदारी त्या कार्यक्रमांवरच राहील. फेलओव्हरला लागणारा वेळ पुष्कळ अंशी या पुनःस्थापनेवर अवलंबून असतो. एखादा व्यवहार तासभर चाललेला असेल, तर त्याच्या निरसनासही बराच वेळ लागू शकतो. २०१९ च्या आवृत्तीत आलेल्या शीघ्र पुनःस्थापनेच्या सोयीने ही अडचण बरीच कमी केली आहे. पण ती सोय प्रत्येक डेटाबेससाठी मुद्दाम चालू करावी लागते.

३. बहुमताचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दोन यंत्रांना ‘अ’ आणि ‘ब’ अशी नावे देऊ. ती एकमेकांना ठरावीक अंतराने लहानसा संदेश पाठवीत असतात. यास हार्टबीट असे यथार्थ नाव आहे. एकाच उपजाळ्यातील यंत्रांसाठी हे अंतर मूळ मांडणीत एक सेकंद असते. विंडोज सर्व्हर २०१२ आर-२ पर्यंत असे पाच संदेश चुकले की समोरचे यंत्र गेले असे मानले जाई. २०१६ च्या आवृत्तीत ही मर्यादा दहावर नेण्यात आली. मर्यादा कमी ठेवावी तर जाळ्यातील क्षणिक अडथळ्यानेही फेलओव्हर घडतो. वाढवावी तर खऱ्या बिघाडाची दखल उशिरा घेतली जाते.

दोघांमधील संपर्क तुटला, पण दोन्ही यंत्रे चालू राहिली, अशी कल्पना करावी. ‘अ’ ला वाटेल ‘ब’ गेला. ‘ब’ ला वाटेल ‘अ’ गेला. दोघांजवळ असलेली माहिती अगदी सारखीच आहे, आणि म्हणून केवळ त्या माहितीच्या आधारे कोणाचेच अनुमान दुसऱ्याहून अधिक ग्राह्य ठरत नाही. विंडोजची नेहमीची फाइल-रचना दोन स्वतंत्र लेखकांसाठी बनविलेली नसल्यामुळे दोघांनीही डिस्क हाती घेतल्यास तिच्यातील नोंदी विस्कटतील.

यावर तोडगा सभाशास्त्रातील गणपूर्तीसारखा आहे. क्लस्टरच्या परिभाषेत त्यास कोरम म्हणतात. प्रत्येक यंत्रास एक मत असते, आणि एकूण मतांच्या निम्म्याहून अधिक मते ज्या गटाकडे असतील त्यालाच काम करण्याचा अधिकार असतो. निम्म्याहून अधिक मते असलेले दोन गट एकाच वेळी असणे शक्य नाही, या साध्या गणितावर सारी सुरक्षितता उभी आहे. परंतु दोनच मते असतील तर फाटाफुटीनंतर प्रत्येकाकडे एकेक मत राहते आणि बहुमत कोणाकडेच नसते. म्हणून तिसरे मत लागते. ते साक्षीदाराचे. साक्षीदार म्हणून एखादी छोटी सामायिक डिस्क, तिसऱ्या यंत्रावरील सामायिक फोल्डर, किंवा २०१६ पासून, मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतील एक छोटी जागा ठेवता येते.

विंडोज सर्व्हर २०१२ पासून मतांची गणना परिस्थितीनुसार बदलते. साक्षीदार नसलेल्या दोन यंत्रांच्या क्लस्टरमध्ये प्रणाली एका यंत्राचे मत आपणहून काढून घेते. मग मत नसलेले यंत्र अकस्मात बंद पडले तर काम चालू राहते; मत असलेले अकस्मात बंद पडले तर दुसरे यंत्र सुस्थितीत असूनही सारा क्लस्टर थांबतो. म्हणजे खर्च दोन यंत्रांचा, आणि भरवसा नाणेफेकीचा! साक्षीदाराची नेमणूक ऐच्छिक भासत असली, तरी दोन यंत्रांच्या रचनेत ती अत्यावश्यकच मानली पाहिजे. साक्षीदाराचा फोल्डर त्याच दोन यंत्रांपैकी एकावर ठेवणेही तितकेच निरर्थक होय. पक्षकारास साक्षीला उभे करण्यासारखाच तो प्रकार आहे.

४. उभारणीचा क्रम

वरील तत्त्वे समजल्यावर उभारणीच्या पायऱ्यांचा हेतू आपोआप उलगडतो.

प्रथम दोन्ही यंत्रे एकाच डोमेनमध्ये घ्यावीत. त्यांवर विंडोजची एकच आवृत्ती आणि सारख्याच सुधारणा असाव्यात. वारसदार मूळ मालकाहून भिन्न असेल, तर तो भेद नेमका बिघाडाच्या रात्री उघड होतो. यंत्रांमधील संपर्कासाठी जाळ्याचे दोन स्वतंत्र मार्ग असावेत, आणि ते एकाच स्विचमधून जाऊ नयेत. हार्टबीटसाठी ३३४३ आणि डेटाबेससाठी सामान्यतः १४३३ या क्रमांकांची दारे फायरवॉलमध्ये मोकळी ठेवावी लागतात.

दुसरी पायरी डिस्कची. सामायिक डिस्क दोन्ही यंत्रांना दिसली पाहिजे आणि तिने कायम आरक्षणाची आज्ञा पाळली पाहिजे. विंडोज सर्व्हर २००८ पासून क्लस्टर याच आज्ञेच्या बळावर मालकाखेरीज इतरांस लिहिण्यापासून रोखतो. कोरम ही पहिली तटबंदी मानल्यास ही दुसरी होय. डेटाबेसच्या डिस्कची मांडणी करताना ६४ केबी आकाराचा एकक निवडण्याचा प्रघात आहे. प्रणालीचे पान ८ केबीचे असून अशा आठ पानांचा एक समूह होतो, हे त्याचे कारण.

यानंतर दोन्ही यंत्रांवर फेलओव्हर क्लस्टरिंग ही सोय बसवून प्रमाणीकरणाची चाचणी चालवावी. तीत यंत्रसामग्री, जाळे, डिस्क आणि प्रणालीची मांडणी यांची तपासणी होते. २००८ पूर्वी मान्यताप्राप्त यंत्रसामग्रीच्या यादीवर विसंबावे लागे. ती जागा या चाचणीने घेतली आहे. तिच्या अहवालातील इशारे वाचून त्यांची कारणे शोधावीत आणि अहवाल जपून ठेवावा. डिस्कची चाचणी चालू कामाच्या डिस्कवर करू नये, कारण तीत डिस्क काही काळ सेवेतून काढली जाते.

चौथी पायरी क्लस्टरच्या निर्मितीची. त्यास एक नाव व एक पत्ता द्यावा लागतो, आणि त्या नावाचे एक संगणक-खाते डोमेनच्या निर्देशिकेत तयार होते. पुढे डेटाबेस-सेवेच्या नावाचे खाते हे क्लस्टरचे खातेच तयार करते. त्यास तसा अधिकार दिलेला नसला, तर डेटाबेसची स्थापना अखेरच्या टप्प्यावर अडते. हा अधिकार आधीच मिळवावा, किंवा ते खाते निर्देशिकेच्या व्यवस्थापकाकडून अगोदर तयार करून घ्यावे. याच वेळी साक्षीदारही नेमावा.

शेवटी एसक्यूएल सर्व्हरची स्थापना. २००८ च्या आवृत्तीपासून ती प्रत्येक यंत्रावर स्वतंत्रपणे करावी लागते : पहिल्यावर ‘नवी फेलओव्हर क्लस्टर स्थापना’, दुसऱ्यावर ‘नोड जोडणे’. पहिली पायरी यशस्वी होताच डेटाबेस चालू होतो, आणि काम संपले असा भास होतो. तथापि दुसरे यंत्र जोडले जाईपर्यंत वारसदारच नसतो. स्थापनेत दिलेले नाव हे सेवेचे नाव होय; कार्यक्रमांनी सदैव याच नावाने संपर्क साधावा. कोणी एका यंत्राचे नाव कार्यक्रमात लिहून ठेवले, तर सेवा दुसरीकडे गेल्यावर तो कार्यक्रम तिला गाठू शकणार नाही.

५. परीक्षा

न तपासलेला क्लस्टर हा केवळ एक तर्क असतो. प्रथम योजनापूर्वक सेवा एका यंत्रावरून दुसऱ्यावर न्यावी व परत आणावी. नंतर चालू यंत्राची वीज तोडावी. नंतर जाळ्याची तार काढावी. आणि प्रत्येक वेळी सेवा किती वेळाने परत आली याची नोंद ठेवावी. वीज तोडणे आणि तार काढणे या दोन परीक्षा भिन्न आहेत : पहिलीत एक यंत्र खरोखरच जाते, दुसरीत दोन्ही जिवंत राहून परस्परांविषयी साशंक होतात. दुसरी परीक्षा घेतल्यावाचून कोरमची मांडणी बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही.

६. मर्यादा

या रचनेत यंत्रे दोन असली तरी डेटाबेसची प्रत एकच असते. डिस्कच नष्ट झाली तर दोन्ही यंत्रे सारखीच निरुपयोगी ठरतात. स्वतंत्र प्रती ठेवणारी ‘अव्हेलेबिलिटी ग्रुप’ ही रचना एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून उपलब्ध आहे आणि ती ही उणीव भरून काढते. पण तिलाही आणखी एका आपत्तीपुढे हात टेकावे लागतात. कोणी चुकून एखादा तक्ता पुसून टाकला, तर ती चूकही एक पूर्ण झालेला व्यवहारच असते, आणि क्लस्टर ती निष्ठेने जपतो. तिच्यावर उपाय एकच : वेगळ्या ठिकाणी ठेवलेली, आणि प्रत्यक्ष परत आणून पाहिलेली, बॅकअप-प्रत.

जिम ग्रे यांनी टँडेमच्या यंत्रांवरील बिघाडांचा अभ्यास करून १९८५ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात सुमारे ४२ टक्के बिघाडांचे मूळ व्यवस्थापनात, म्हणजे माणसांनी केलेल्या मांडणीत, देखभालीत व हाताळणीत आढळले. यंत्रसामग्रीचा वाटा सुमारे १८ टक्के होता. ते आकडे त्या काळच्या त्या यंत्रांचे असले, तरी त्यांतील बोध जुना झालेला नाही. क्लस्टर यंत्रांच्या बिघाडावर इलाज करतो, आणि तो करताना मांडणीची गुंतागुंत वाढवितो. म्हणजे चुकीच्या मोठ्या कारणास अधिक वाव देऊन लहान कारणाचे निवारण करतो. ही देवघेव लाभाची ठरावयाची असेल, तर मांडणी करणाऱ्यास प्रत्येक पायरीचे कारण ठाऊक असले पाहिजे. साक्षीदार का नेमला, हे ज्यास सांगता येते, त्याच्या हाती दोन यंत्रे एका यंत्राहून खरोखरच अधिक भरवशाची ठरतात.