हाक आणि ओ

‘यंत्र सापडले नाही.’ हातात मावणाऱ्या संगणकाच्या पडद्यावर ही एवढीशी ओळ उमटली की आपण बहुतेक सारे एकाच निष्कर्षाला येतो : यंत्र बिघडले. मग दुकान, मग दुरुस्तीचा खर्च, आणि कित्येकदा नवी खरेदी. वस्तुतः ती ओळ इतके काही सांगतच नाही. तिचा अर्थ एवढाच की आपल्या संगणकाने हाक मारली आणि ठरलेल्या वेळात कोणी ओ दिली नाही. ओ न देणारा माणूस जसा दर वेळी घराबाहेर गेलेला नसतो, तसेच हे आहे. तो झोपलेला असेल, दुसऱ्याशी बोलत असेल, किंवा त्याला आपली भाषाच कळत नसेल. ब्लूटूथची दुरुस्ती म्हणून जे काही करायचे असते, त्यातले निम्मे काम यांपैकी काय घडले आहे ते ओळखण्यातच संपते.

हा खटाटोप मुळात तारांच्या जंजाळातून सुटण्यासाठी झाला. स्वीडनमधील लुंड येथे एरिक्सन कंपनीत १९९४ च्या सुमारास या कामाला आरंभ झाला. याप हार्टसेन या डच अभियंत्याचा त्यात मोठा वाटा होता. १९९८ साली एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन मंडळ स्थापन केले. नावाची कथा इतिहासाच्या विद्यार्थ्यांना रुचेल. दहाव्या शतकातील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाला ‘निळ्या दाताचा’ असे टोपणनाव होते. विखुरलेल्या लोकांना त्याने एका छत्राखाली आणले, म्हणून इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी तात्पुरते म्हणून हे नाव सुचविले आणि ते कायमचे चिकटले. आपल्या पडद्यावरची ती कोनाकोनांची खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची प्राचीन रून लिपीतील दोन आद्याक्षरे होत. २००२ मध्ये आलेल्या पामच्या टंगस्टन टी या हातसंगणकात ब्लूटूथ अंगभूत होते. तसले हातसंगणक आता इतिहासजमा झाले. त्यांची जागा मोबाईल फोनने आणि टॅबलेटने घेतली. शोधाची मूळ रीत मात्र टिकून आहे.

ही रीत कशी चालते? ब्लूटूथचे बोलणे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर चालते. या पट्ट्याचे ७९ कप्पे पाडलेले असून, बोलणारी दोन यंत्रे सेकंदाला १६०० वेळा एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात उडी मारतात. ओळख झाल्यावर उड्यांचा क्रम दोघांनाही ठाऊक असतो. पण अनोळखी यंत्राने कोठे उडी मारावी? म्हणून हाकेसाठी ३२ जागा राखून ठेवल्या आहेत. शोधणारा त्यांचे सोळा-सोळाचे दोन गट करतो. एका गटातून फिरायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तोच गट तो २५६ वेळा घोकतो आणि मग दुसऱ्या गटाकडे वळतो. नियमाप्रमाणे पूर्ण शोधाला १०.२४ सेकंद लागतात.

आता ऐकणाऱ्याकडे पाहू. विजेची बचत करायची असल्याने तो सतत कान देऊन बसत नाही. साधारणतः दर १.२८ सेकंदांनी तो जागा होतो, सेकंदाचा जेमतेम नव्वदावा भाग ऐकतो आणि पुन्हा डुलकी घेतो. हाक कानी पडली तरी तो लगेच ओ देत नाही, मुद्दाम थोडे थांबतो. हजेरीच्या वेळी सारा वर्ग एकदम ‘हजर’ म्हणून ओरडला तर प्राध्यापकांना काय कळणार? प्रत्येकाने वेगवेगळा वेळ थांबायचे ही युक्ती त्यासाठीच आहे.

एवढे ध्यानात घेतले की आपली नेहमीची सवय किती घातक आहे ते उमगते. दोन-तीन सेकंद वाट पाहून आपण अधीरतेने पुन्हा ‘शोधा’वर बोट दाबतो, आणि दर खेपेस हाकेचा फेरा पहिल्यापासून सुरू होतो. घड्याळ लावून निदान बारा सेकंद थांबावे. न सापडल्यास आणखी एक पूर्ण फेरा होऊ द्यावा. दुसरी गोष्ट अशी की जुन्या यंत्राच्या उत्तरात त्याचे नाव नसतेच, फक्त क्रमांक असतो. नाव मागाहून वेगळे विचारावे लागते. उत्तरातच नाव धाडण्याची सोय २००७ च्या २.१ या आवृत्तीपासून झाली. म्हणून यादीत बारा अंकाक्षरांची निरर्थक दिसणारी ओळ आली तर ती कचरा समजून सोडू नये. आपले यंत्र कदाचित तेच असते.

परंतु सर्वांत जास्त घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. यंत्र चालू असणे आणि ते अनोळखी हाकेला ओ देण्यास राजी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कानातले ध्वनियंत्र नुसते चालू करून भागत नाही; त्याची कळ दिवा भराभर लुकलुकू लागेपर्यंत दाबून धरावी लागते, तेव्हा कोठे ते अनोळख्याशी बोलू लागते. हा आडमुठेपणा नव्हे. प्रत्येक हाकेला ओ देणारे यंत्र आपला ठावठिकाणा कोणालाही सांगत असते. २००४ साली कॅबिर नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम असाच ओ देणारे फोन हुडकून एकावरून दुसऱ्यावर जाऊ पाहत असे. त्यामुळे आजचे फोन बहुधा ब्लूटूथचे पान पडद्यावर उघडे असेपर्यंतच दुसऱ्यांना दिसतात. दोन मित्रांचे फोन एकमेकांना शोधत असतील तर दोघांनीही ते पान उघडे ठेवले पाहिजे, ही साधी गोष्ट कितीतरी जणांना ठाऊक नसते.

शिवाय जे यंत्र आधीच कोणाशी जोडले गेले आहे, ते बहुधा नव्या हाकेकडे लक्ष देत नाही. आपल्या महाविद्यालयातील एका अंध विद्यार्थिनीचे उदाहरण देतो. तिच्यापाशी ब्रेल पट्टी आहे. फोनवरचा मजकूर ओळीओळीने या पट्टीवर उतरतो आणि ठिपके वर-खाली होऊन तिला तो बोटांनी वाचता येतो. परीक्षा चार दिवसांवर आली असता तिने फोन बदलला आणि नव्या फोनला पट्टी काही केल्या सापडेना. दुकानदाराने आतला भाग गेल्याचे सांगून महिनाभराची मुदत मागितली. तिच्या साऱ्या टिपणांचे वाचन त्या पट्टीवरच अवलंबून होते. खरी गोष्ट अशी होती की तिचा जुना फोन पिशवीच्या तळाशी चालूच होता आणि पट्टी सुरू होताक्षणीच तिला गाठत होता. त्या फोनचे ब्लूटूथ बंद केले, शोध पुन्हा लावला, आणि काही सेकंदांत पट्टीचे नाव यादीत आले. तेव्हा शोधापूर्वी घरातील जुने फोन, संगणक आणि टॅबलेट यांची झडती घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. अंतर आणि भिंती यांना आपण नको तितका दोष देतो. सर्वसाधारण यंत्राचा आवाका दहा मीटरच्या आसपास असतो, माणसाचे शरीर आणि चालू असलेली मायक्रोवेव्ह भट्टी या लहरींना त्रास देतात, हे खरेच. पण दोन्ही यंत्रे एका टेबलावर ठेवली की हा प्रश्न संपतो.

उरतो भाषेचा प्रश्न. २०१० च्या ४.० आवृत्तीबरोबर अल्प ऊर्जेवर चालणारे नवे ब्लूटूथ आले आणि त्यात भूमिकाच उलटल्या. येथे छोटे यंत्रच अधूनमधून दवंडी पिटते आणि फोन ऐकतो. चाळीस कप्प्यांपैकी तीन दवंडीसाठी राखलेले आहेत आणि ते वायफायच्या नेहमीच्या वर्दळीतून वगळून निवडले आहेत. त्यापूर्वीच्या हातसंगणकाला ही दवंडी कळणे शक्यच नाही. तेथे कितीही शोध लावला तरी व्यर्थ. नव्या फोनवरही अशी कित्येक यंत्रे मुख्य यादीत दिसत नाहीत, ती त्यांच्या स्वतःच्या ॲपमधूनच सापडतात. आयफोनसाठी बनविलेले श्रवणयंत्र अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागातील श्रवणयंत्रांच्या पानावर शोधायचे असते, आणि ब्रेल पट्टी त्याच विभागातील व्हॉइसओव्हरच्या ब्रेल पानावर. आजोबांचे श्रवणयंत्र ‘फोनला दिसत नाही’ म्हणून पेटीत पडून राहते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

अँड्रॉइडवर आणखी एक मेख आहे. जवळपासच्या दवंड्यांवरून आपण कोठे आहोत हे ताडता येते, म्हणून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून अशा शोधासाठी ॲपला स्थळाची परवानगी लागू लागली. २०२१ च्या बाराव्या आवृत्तीत ‘जवळपासची उपकरणे’ अशी स्वतंत्र परवानगी आली. ऊठसूट परवानग्या न देणारे विद्यार्थी शहाणेच म्हणायचे. पण येथे नकार दिल्यास ॲप पुष्कळदा तक्रारही करीत नाही, नुसती रिकामी यादी दाखविते.

एकदा जोडलेले यंत्र ‘नवीन यंत्रे’ या यादीत शोधू नये, ते ‘जोडलेली यंत्रे’ या यादीत असते. तेथे असूनही जुळत नसेल तर दोहोंपैकी एकाची आठवण पुसली गेली आहे असे समजावे आणि दोन्हीकडची जुनी नोंद काढून ओळख नव्याने करून द्यावी. एकाच बाजूची काढून उपयोग होत नाही. फोनमधील जोडणीच्या साऱ्या मांडणीवर पाणी सोडून ती मूळपदावर आणण्याची सोय असते, पण ती अगदी शेवटी वापरावी. तिच्यासरशी वायफायचे परवलीचे शब्दही पुसले जातात. वसतिगृहात राहणाऱ्यांनी ते आधी वहीत उतरवून घेतलेले बरे, कारण रात्री दहानंतर ते सांगायला कार्यालयात कोणी नसते.