माडीतली जाळी खरवडण्यापूर्वी

थंड देशांत जमिनीतल्या जाळीतून उष्ण हवा वर येते. सोलापूरच्या जुन्या घरांत माडीच्या जमिनीतील जाळी खालच्या खोलीला उजेड व वारा देते. ती गंजली की प्रथम धातू ओळखावा. बिडाच्या जाळीचा तडा साध्या वेल्डिंगने सहसा टिकाऊ सांधला जात नाही. तिच्यावरून माणसे चालतात, तेव्हा ती बदललेलीच बरी. लोखंडी सळ्यांची जाळी शाबूत असल्यास घासून, वाळवून, रेड ऑक्साइड व ऑइलपेंट देऊन पुन्हा बसवता येते.

घासणे मात्र कोरडे नको. पूर्वी लोखंडाला अस्तर म्हणून शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड, लावीत. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा तर २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचा थर ओला करून, जाळी अंगणात नेऊनच खरवडावा. जागेवर खरवडल्यास विषारी धूळ थेट खाली, एखाद्या पाळण्यावरही पडते.