काच, पेशी आणि अब्जभर ओहम

फेक्सोफेनाडिनची गोळी आज शिंका आणि ॲलर्जीसाठी कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते. तिच्याआधी त्याच कामासाठी टर्फेनाडिन वापरलं जायचं. त्या औषधाने काही रुग्णांच्या हृदयाची लय बिघडली, काही दगावले, आणि 1998 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून ते गेलं. शिंकांवरचं औषध हृदयाला कसं भोवतं? या प्रश्नाचं उत्तर ज्या उपकरणाने दिलं, त्याचं काम करणारं टोक जेमतेम एक-दोन मायक्रॉन रुंद असतं. काचेच्या या नळीने मला अनेक वर्षं झपाटलं आहे, म्हणून हा लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे.

आधीचा इतिहास थोडक्यात सांगतो. लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी 1880 च्या दशकात बेडकाचं हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडत ठेवलं. 1895 मध्ये ऑस्कर लांगेनडॉर्फ यांनी सस्तन प्राण्याचं हृदय शरीराबाहेर जिवंत ठेवण्याची रीत बसवली. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून 1952 मध्ये सोडियम-पोटॅशियमच्या प्रवाहांचं गणित मांडलं. तेच गणित डेनिस नोबल यांनी 1960 मध्ये हृदयाच्या तंतूंना लावलं. पण या सगळ्यांनी मोजलं ते लक्षावधी चॅनेल्सचं, म्हणजे पेशीपटलातल्या क्षारकणांच्या सूक्ष्म दारांचं, एकत्रित काम. एकटं चॅनेल कोणाच्या दृष्टीस पडलं नव्हतं.

पोटॅशियमचं महत्त्व ठोक्याच्या शेवटी कळतं. सोडियम आणि कॅल्शियम आत शिरले की पेशीचं व्होल्टेज वर चढतं आणि स्नायू आकुंचन पावतो. ते व्होल्टेज पुन्हा उणे 85 मिलिव्होल्टच्या आसपास उतरलं नाही, तर पुढचा ठोका नीट पडणार नाही. पोटॅशियम पेशीतून बाहेर पडतो, म्हणून व्होल्टेज उतरतं. ईसीजीवर हा सगळा काळ क्यूटी या अंतरात दिसतो. पोटॅशियमची वाट अडली की क्यूटी लांबतो.

हे मोजायचं तर आधी सुटी पेशी हवी, आणि ती मिळवणं सोपं नाही. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे काम उभं राहून पाहिलं आहे. गिनीपिगचं हृदय महाधमनीतून नळीवर टांगलं जातं आणि द्रावण उलट्या दिशेने सोडलं जातं. झडप बंद होते, त्यामुळे ते हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत शिरतं. मग कॅल्शियम काढून घेतात आणि पेशींना धरून ठेवणारी जाळी विरघळवण्यासाठी कोलॅजिनेज हे विकर देतात. कॅल्शियम एकदम परत दिलं तर पेशी आखडून गोल होतात आणि मरतात, म्हणून ते पायरीपायरीने वाढवावं लागतं. तिथे काम करणारी संशोधक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाली, “या सगळ्या गोल झालेल्या गेल्या. ही बघा, ही घेऊ.” ती दाखवत होती ती पेशी विटेसारखी लांबट, कडा धारदार, अंगावर आडवे पट्टे.

गिनीपिगच का, उंदीर का नाही? उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे ठोके मारतं. एवढ्या घाईत व्होल्टेज उतरवायला ते वेगळीच पोटॅशियम चॅनेल्स वापरतं. माणसात ज्या चॅनेलवर औषधं घात करतात, त्याचा उंदराच्या ठोक्यात जवळपास वाटाच नाही. चुकीचा प्राणी निवडला तर उत्तम मोजमापही दिशाभूल करतं.

आता माझ्या आवडीचा भाग. गटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेत एर्विन नेहर आणि बर्ट झाकमान यांनी 1976 मध्ये बेडकाच्या स्नायूवर काचनळीचं टोक टेकवून एकेका चॅनेलचा प्रवाह पहिल्यांदा नोंदवला. प्रवाह म्हणजे काही पिकोअँपिअर, अँपिअरचा लाखकोटीवा भाग. अडचण अशी की काच आणि पेशीपटल यांच्या फटीतून विद्युत्प्रवाह गळत राहायचा. फटीचा रोध काही कोटी ओहमच्या वर जात नव्हता. शेजारी नळ धो-धो वाहत असताना थेंबाचा आवाज ऐकू यावा कसा? मग 1980 च्या सुमारास नेहर यांच्या लक्षात आलं, की नळी नुकतीच ओढलेली, स्वच्छ असेल आणि आतून हलकंसं शोषलं, तर रोध एकाएकी शंभर पटींहून अधिक वाढून अब्जावधी ओहमवर पोचतो. काच आणि पेशीपटल एकमेकांना इतके घट्ट चिकटतात, की फट उरतच नाही. यालाच गिगासील म्हणतात. 1991 चं नोबेल या दोघांना मिळालं, आणि माझ्या मते शरीरशास्त्रातल्या नोबेलांमध्ये इतकं हातांनी कमावलेलं पारितोषिक विरळा.

कारण हे शोषणं अनेक ठिकाणी आजही तोंडानेच होतं. नळीला जोडलेली बारीक रबरी नळी दातांत धरलेली असते. टोक पेशीकडे नेताना आत किंचित दाब ठेवायचा, म्हणजे टोकाला कचरा चिकटत नाही. पडद्यावर पाच मिलिव्होल्टचा चौकोनी ठोका सतत चालू असतो. टोक पेशीला टेकलं की तो चौकोन बुटका होतो. दाब सोडायचा, अलगद श्वास आत ओढायचा. चौकोन सपाट होऊन रेष उरली, की सील लागलं. खोलीतले सगळे त्या रेषेकडे बघत गप्प होतात. त्यानंतर पुन्हा एक झटकन ओढलेला श्वास, नळीखालचं पटल फाटतं, आणि आता पेशीचं संपूर्ण अंतरंग तुमच्या ताब्यात येतं. हवं ते व्होल्टेज लावा, प्रवाह मोजा. यासाठी हवेवर तरंगणारं टेबल लागतं, आणि मेनच्या पन्नास हर्ट्झच्या घुमण्यापासून वाचवणारा तारांचा पिंजरा लागतो.

श्वास वेगळ्या पद्धतीने वापरला की वेगळा प्रयोग होतो. पटल न फाडता नळी मागे खेचली, तर टोकाला पटलाचा एक तुकडा येतो, ज्याची आतली बाजू बाहेरच्या द्रावणाकडे वळलेली असते. जपानच्या आकिनोरी नोमा यांनी 1983 मध्ये असेच तुकडे वापरून दाखवलं, की हृदयाच्या पेशींत एटीपीला, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या रेणूला, प्रतिसाद देणारी पोटॅशियम चॅनेल्स आहेत. द्रावणात एटीपी असलं की ती बंद, काढून घेतलं की उघडी. म्हणजे रक्तपुरवठा तुटून ऊर्जा संपत आली, की पेशी ही दारं उघडून आपलं काम थांबवू शकते. एका तुकड्यावर, एका दुपारी दिसणाऱ्या गोष्टीतून एवढं कळतं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं.

टर्फेनाडिनच्या गुन्ह्याचा तपास मात्र दुसऱ्या पोटॅशियम चॅनेलवर लागला, ते म्हणजे हर्ग. त्याच्या शोधाची सुरुवात हृदयात नव्हे, फळमाशीत झाली. 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियात काही माश्यांचे पाय ईथरची भूल दिल्यावर थरथरताना आढळले, आणि त्या काळच्या गो-गो नाचावरून या बदललेल्या जनुकाचं नाव ठेवलं गेलं. वॉर्मके आणि गॅनेट्झ्की यांना 1994 मध्ये त्याचाच माणसातला नातेवाईक, म्हणजे हर्ग, सापडला. पुढच्याच वर्षी युटामध्ये मार्क कीटिंग यांच्या गटाने आनुवंशिक लाँग क्यूटी आजाराची नाळ याच जनुकाशी जोडली. माशीच्या पायांवर पैसा कशाला खर्च करायचा, असं विचारणाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

हर्गच्या मोजणीत एक मजा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पेशीला उणे 80 वरून अधिक 20 मिलिव्होल्टवर नेलं, तर चॅनेल उघडतात, पण लगेच सुन्न होतात, आणि प्रवाह नगण्य दिसतो. मग उणे 50 वर परत आणलं, की सुन्नपणा झटकन जातो, मात्र चॅनेल बंद व्हायला वेळ लागतो. या दोहोंच्या मधल्या फटीत प्रवाह उसळतो. त्याला टेल करंट म्हणतात. हृदयातही नेमकं हेच घडतं: ठोक्याच्या मध्यावर हर्ग गप्प, शेवटी जोरात. औषधाचा थेंब टाकून ही शेपटी किती बुटकी झाली ते पाहायचं.

1993 मध्ये वूझ्ली आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या हृदयपेशींवर दाखवलं होतं, की टर्फेनाडिन पोटॅशियमचा प्रवाह क्विनिडिन या हृदयाच्या औषधाइतकाच दाबतं, पण यकृतात त्यापासून जे बनतं ते, म्हणजे फेक्सोफेनाडिन, दाबत नाही. यकृताचं ते काम किटोकोनाझोल हे बुरशीवरचं औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक यांनी अडवलं, तर टर्फेनाडिन रक्तात साठतं आणि क्यूटी लांबतो. अशा लांबलेल्या क्यूटीतून ईसीजीवर जी पीळ पडलेली लय उमटते, तिचं वर्णन पॅरिसच्या फ्रान्स्वा देसेर्तेन यांनी 1966 मध्येच केलं होतं. पोटाच्या तक्रारींवरचं सिसाप्राईड याच कारणाने 2000 मध्ये अमेरिकेत मागे घेतलं गेलं आणि 2011 मध्ये भारतात बंद झालं. 2005 पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार नवं औषध माणसांत देण्याआधी हर्गवर तपासलं जातं.

आज हे काम बहुतांशी यंत्रं करतात. सपाट चकतीला छिद्रं असतात, पेशी त्यांवर आपोआप ओढून घेतल्या जातात, 384 खणांत एकाच वेळी मोजमाप होतं. पेशीही हृदयाच्या नसतात. हर्गचं जनुक घातलेल्या एचईके-293 पेशी असतात, ज्या मूळच्या मानवी मूत्रपिंडातल्या. हजारो संयुगं चाळायला हे उत्तमच. तरी शेवटचा शब्द हातानेच द्यावा, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण एरिथ्रोमायसिन. खोलीच्या तापमानाला ते हर्गला फारसं अडवत नाही, 37 अंशांवर ते पुष्कळ जास्त अडवतं. अनेक यंत्रं मोजणी खोलीच्या तापमानालाच करतात. अशा औषधाला निर्दोष ठरवण्याआधी कोणीतरी पेशी शरीराच्या तापमानाला आणून, सील लावून, टेल करंट स्वतः बघायला हवा.