हुबेहूब वाटतं, पण कशामुळे?

इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा दिली असेल, तर स्थिरचित्राचा पेपर तुम्हाला आठवत असेल. समोर तांब्या, दोन-तीन फळं, मागे कपडा. परभणीत मी तो पेपर दिला तेव्हा माझा तांब्या कागदाला चिकटवल्यासारखा दिसत होता. आकार बरोबर, तरी सपाट. आज पीएचडीसाठी बरोक काळातली, म्हणजे सतराव्या शतकातली युरोपीय स्थिरचित्रं अभ्यासताना तोच तांब्या आठवतो.

माझ्या आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं, 'या चित्रांतील वस्तू हुबेहूब वाटतात.' गाइडनी समासात एकच शब्द लिहिला: 'कशामुळे?' खरं संशोधन तिथून सुरू झालं.

विलेम क्लास हेडा या डच चित्रकाराचं १६३५ सालचं, सोनेरी पेला असलेलं स्थिरचित्र घ्या. ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठं करून बघता येतं. तीन गोष्टी तपासा.

काठ. थाळी टेबलाच्या काठाबाहेर आलीय, लिंबाची साल खाली लोंबतेय. काठ चित्रात अगदी पुढे असल्यामुळे बाहेर आलेली वस्तू आपल्या बाजूला आल्यासारखी वाटते.

लकाकी. काचेच्या पेल्यावरची चमक म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब. घासलेला पितळी तांब्या खिडकीजवळ ठेवून बघा. खिडकी छोटी होऊन तांब्याच्या गोलाईबरोबर वाकलेली दिसेल. परीक्षेत मी तिथे सरळ पांढरी रेघ ओढली होती!

मागची भिंत. रिकामी, करडी-तपकिरी. दूरचं काही नाही, म्हणून नजर वस्तूंवरच राहते.

यावरून मी गृहीतक मांडलं: वस्तू पुढे आल्या की भास पक्का होतो. मग कॉर्नेलिस गेसब्रेख्ट्सचं चित्र समोर आलं आणि गृहीतक कोसळलं. साधारण १६७० च्या या चित्रात त्यानं चौकटीत बसवलेल्या एका चित्राची पाठ रंगवलीय: लाकूड, खिळे, ३६ आकडा लिहिलेली कागदाची चिठ्ठी. ते कोपनहेगनला आहे. त्यात पुढे आलेलं जवळजवळ काहीच नाही, तरी माणूस फसू शकतो. का? चित्रातला खोलपणा जेमतेम बोटभर आहे. तुम्ही डोकं हलवलंत, तरी चोरी सहज पकडली जात नाही. हेडाच्या टेबलासमोर मात्र दोन पावलं सरकलात, की वस्तू एकमेकींच्या मागून सरकत नाहीत आणि चित्र हे चित्रच आहे हे कळतं.

म्हणजे 'हुबेहूब' या एका शब्दाखाली मी दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या: खरेपणाचा भास आणि प्रत्यक्ष फसगत. दोन्हींची तंत्रं वेगळी. विरोधी उदाहरण शोधलं नसतं, तर अख्खा प्रबंध त्या गोंधळावर उभा राहिला असता.

'परभणीत बसून हे होतं का?' बरंचसं होतं. काठ, सावल्या, प्रतिबिंबं यांवर फोटोवरून बोलता येतं. रंगाचा थर, त्याची जाडी यांवर नाही. तसे दावे करू नका. आकार मात्र समजून घेता येतो. हेडाचं चित्र ८८ बाय ११३ सेंटीमीटर आहे. भिंतीवर खडूनं तेवढी चौकट आखा आणि समोर उभे राहा.

मग तुमचा आराखडा काढा. 'सुंदर', 'जिवंत', 'प्रभावी' असे शब्द जिथे असतील, तिथे समासात लिहा: कशामुळे?