वेषामागील विद्या

पडदा वर जातो आणि राजा रंगमंचावर प्रवेश करतो. त्याने अद्याप एकही शब्द उच्चारलेला नसतो. तरीही हा राजा आहे, तो कोणत्या काळातील आहे, वैभवात आहे की विपन्नावस्थेत आहे, हे प्रेक्षकांनी ओळखलेले असते. ही ओळख त्याचा वेष करून देतो. असा बोलका वेष सिद्ध करणे ही एक विद्या आहे.

पूर्वी प्रत्येक मोठ्या मराठी नाटक मंडळीजवळ स्वतःचा कपडेपट असे. बालगंधर्वांच्या भरजरी शालूंची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली होती. परंतु कपडेपटाचे ज्ञान अनुभवानेच मिळे. ते पद्धतशीरपणे शिकविणारी शाळा नव्हती. १९५९ साली दिल्ली येथे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची स्थापना झाली. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ या काळात त्याचे संचालक होते. पदवी संपादन केलेले निवडक विद्यार्थी येथे तीन वर्षे नाट्यशिक्षण घेतात. अभिनय, नेपथ्य व प्रकाशयोजना यांप्रमाणेच वेषभूषा हाही त्या शिक्षणाचा भाग आहे.

वेषभूषेचा अभ्यास शिवणयंत्रापाशी सुरू होत नाही. तो नाटकाच्या संहितेपाशी सुरू होतो. विद्यार्थी नाटक पुनःपुन्हा वाचून एक तक्ता तयार करतो. कोणते पात्र कोणत्या प्रवेशात येते, त्या वेळी ऋतू कोणता आहे, त्या पात्राची स्थिती कशी आहे, वेष बदलण्यास नटाला किती अवधी मिळेल, या साऱ्यांची नोंद त्यात असते.

त्यानंतर इतिहासाचा शोध घ्यावा लागतो. देवगिरीस दौलताबाद हे नाव देऊन तेथे राजधानी हलविणारा महंमद तुघलक हा गिरीश कर्नाड यांच्या ‘तुघलक’ नाटकाचा नायक आहे. तो चौदाव्या शतकातील सुलतान. त्याच्या अंगावर अकबराच्या दरबारातील पोशाख चढविला, तर दोनशे वर्षांची चूक होईल! म्हणून त्या त्या काळातील शिल्पे, चित्रे व प्रवासवर्णने पाहावी लागतात. अल्काझी यांनी १९७४ साली हे नाटक दिल्लीच्या पुराण्या किल्ल्यात सादर केले होते. त्यांच्या अनेक नाटकांची वेषभूषा करणाऱ्या रोशन अल्काझी यांनी प्राचीन भारतीय वेषांवर १९८३ साली स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. अशा कामामागे केवढा व्यासंग असतो, हे यावरून ध्यानात येईल.

पुढची पायरी कापडाची. कोणते कापड चुण्या धरते, कोणते अंगावरून सरळ उतरते, कोणते चालताना सळसळते, हे हाताने पारखावे लागते. रंगही फसवे असतात. हिरवे वस्त्र लाल प्रकाशात काळपट दिसते. अंतराचाही विचार हवा. जवळून सुंदर दिसणारी नाजूक वेलबुट्टी शेवटच्या रांगेतील प्रेक्षकास दिसतच नाही. उलट साध्या कापडावर ठसठशीत रंगविलेला काठ त्याला जरीचा वाटतो. भिकाऱ्याचा सदरा तर मुद्दाम धुऊन, घासून, विटवून जुना करावा लागतो.

खरी परीक्षा होते ती रंगीत तालमीत. कित्येक रात्री जागून शिवलेला अंगरखा डोळ्यांना सुंदर दिसतो; परंतु तो घालून नटाला तलवार उगारता येत नाही, पायऱ्या उतरताना त्याचे पाऊल घोळात अडकते. प्रयोग तर उद्यावर आलेला असतो. अशा वेळी आपल्या हाताने केलेल्या त्या अंगरख्याला कात्री लावण्याचे धैर्य वेषभूषाकाराजवळ असावे लागते. अंगरख्याच्या शोभेपेक्षा नटाचा मुक्त संचार आणि त्याची सुरक्षितता अधिक मोलाची होय. हा धडा पुस्तकातून कळतो, पण अंगी बाणतो तो तालमीतच.

प्रयोग संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट होतो, तेव्हा वेषभूषाकार बहुधा पडद्यामागे उतरविलेले पोशाख मोजून, घडी घालून ठेवीत असतो. घरी जाताना प्रेक्षक राजाविषयी बोलतात, त्याच्या अंगरख्याविषयी फारसे बोलत नाहीत. त्या अंगरख्यानेच राजा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा केलेला असतो. वेषभूषाकाराच्या श्रमांचे सार्थक त्यातच असते.