वृद्धांच्या आठवणीतून पेटलेली भट्टी

टांझानियाच्या वायव्येस, व्हिक्टोरिया सरोवराच्या पश्चिम काठावर हाया समाजाची वस्ती आहे. युरोपातून स्वस्त लोखंड येऊ लागल्यावर तेथील लोहाराच्या भट्ट्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विझल्या. ही विद्या कोणी लिहून ठेवलेली नव्हती. मात्र तरुणपणी भट्टीवर राबलेले काही वृद्ध हयात होते. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ पीटर श्मिट आणि अभियंता डोनाल्ड एव्हरी यांनी १९७६ मध्ये त्यांच्याकडूनच भट्टी पुन्हा उभी करून घेतली.

खड्ड्याला वारुळाच्या मातीचे अस्तर, त्यात जाळून काळे केलेले दलदलीतील गवत, वर जुन्या धातुमळीची निमुळती भिंत आणि सभोवती भाते. भात्यांच्या मातीच्या नळ्या भट्टीत बऱ्याच आतपर्यंत जात. त्यामुळे हवा आत पोहोचण्यापूर्वीच तापते आणि उष्णता वाढते, असा निष्कर्ष या दोघांनी १९७८ मध्ये 'सायन्स'मध्ये मांडला. गवतातील कार्बनमुळे तयार होणारे लोखंड पोलादाच्या जवळ जाते, हेही त्यांनी नोंदवले.

आता पन्नास वर्षांपूर्वीच्या आठवणीवरून दोन हजार वर्षांपूर्वीचे तंत्र कसे सांगता येईल, ही शंका रास्तच आहे. म्हणूनच उत्खननाची जोड आवश्यक ठरते. केमोंडो उपसागराजवळ सापडलेल्या प्राचीन भट्ट्यांतील नळ्यांच्या अवशेषांवरही तशाच प्रखर उष्णतेच्या खुणा श्मिट यांना आढळल्या. त्याआधी कटुरुका गावात राजा रुगोमोरा माहे याने लोखंड घडवल्याची दंतकथा एका पवित्र वृक्षाशी जोडलेली होती. तेथे खणल्यावर राजाच्या काळाहून कितीतरी जुने लोहकामाचे अवशेष निघाले. कथेतील काळ चुकला होता, जागा नव्हे.

सर्वांना हे पटलेले नाही. डेव्हिड किलिक यांनी १९९६ मध्ये हवा आधी तापण्याच्या दाव्यालाच आव्हान दिले. मात्र वाद उष्णतेच्या गणिताचा आहे, भट्टी पेटवणाऱ्यांच्या कौशल्याचा नव्हे.

याच कागेरा प्रांतात १९८३ मध्ये टांझानियातील पहिले एड्सचे रुग्ण नोंदले गेले. पुढील साथीत अनेक जाणते लोक गेले आणि त्यांच्यासोबत सांगण्यासारखे बरेच काही. पुढे कटुरुकाच्या ग्रामस्थांनी त्या वृक्षाच्या स्थळाचा जीर्णोद्धार हाती घेतला आणि उरलेल्यांच्या आठवणी स्वतःच नोंदवायला सुरुवात केली.