नवाकोरा, पण चाळीस वर्षांचा

टॅस्कॅमचं ‘पोर्टास्टुडिओ १४४’ १९७९ मध्ये बाजारात आलं आणि साध्या कॅसेटवर घरबसल्या चार ट्रॅक मुद्रित करता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या १९८२ च्या ‘नेब्रास्का’ अल्बमचं मुद्रण अशाच यंत्रावर, घरातच झालं. आज अशी यंत्रं दुरुस्तीला काढली की ‘पार्टच मिळत नाहीत’ ही तक्रार ठरलेली. ती अर्धीच खरी आहे. पार्ट मिळतात, पण जागेवर बसला म्हणजे जुळला आणि वापरला नाही म्हणजे नवा, या दोन समजुतींपायी चुकीचा पार्ट पदरात पडतो.

सगळ्यात स्वस्त पार्ट घेऊ, रबरी बेल्ट. मोटरची गती तो जड फ्लायव्हीलला देतो आणि फ्लायव्हीलचा आस, म्हणजे कॅपस्टन, टेप ओढतो. लांबी जुळली की काम झालं असं वाटतं. पण पुलीवरून वळताना बेल्टची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि जिथे ताणही नाही नि दाबही नाही अशी रेषा साधारण जाडीच्या मध्यावर असते. पुलीची त्रिज्या तिथपर्यंत मोजावी लागते. समजा, मोटरच्या पुलीची त्रिज्या ५ मिलिमीटर आणि फ्लायव्हीलची ४० आहे. बेल्ट अर्धा मिलिमीटर जाड असेल तर गुणोत्तर ५.२५ भागिले ४०.२५, एक मिलिमीटर जाडीचा चढवला तर ५.५ भागिले ४०.५. वेग चार टक्क्यांनी वाढला! अर्धस्वराचं अंतर सुमारे सहा टक्क्यांचं, म्हणजे काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोनच्या वाटेवर दोन तृतीयांश पुढे गेलं. मोटरचा स्क्रू फिरवून वेग जुळवता येतो, असं यावर कुणी म्हणेल. येतो, पण सरासरी वेग. बेल्टची जाडी जागोजागी कमीजास्त असेल तर सुराला येणारा हेलकावा स्क्रूने जात नाही, आणि सेकंदाला चारेक हेलकावे असले की ते कानाला सर्वांत जास्त खुपतात.

मग मूळ कंपनीचाच, पाकीट न फोडलेला जुना बेल्ट शोधावा? त्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात, पण इथे पाकिटाचा भरवसा नाही. रबर कपाटात पडल्या पडल्याही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक, भेगाळ करतात, तर काही बेल्ट डांबरासारखे चिकट होऊन पुलीला लिडबिडतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचंही वय कॅलेंडरवर मोजायचं, कारण आतलं द्रावण हळूहळू सुकत जातं. पण त्याची निवड ठरवणारे आकडे, म्हणजे मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि तापमान, अंगावरच छापलेले असतात. त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात त्या आकड्यांचा ताजा कपॅसिटर सहज मिळतो; ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचा घेतला तर उलट जास्त टिकतो. बेल्टवर काहीच छापलेलं नसतं, ही खरी अडचण.

टेपवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या हेडचं गणित याच्या उलट. ते झिजतं वापराने, वर्षांनी नव्हे; म्हणून मोडीत निघालेल्या, कमी वाजलेल्या यंत्राचं हेड काढून वापरणं शहाणपणाचं. मात्र ते त्याच जातीचं हवं. काही ऑटो-रिव्हर्स डेकमध्ये चार ट्रॅकचं हेड असतं आणि ते मापाला बसतंही, पण ते फक्त वाजवण्यापुरतं बनवलेलं असेल तर मुद्रणाच्या कामाचं नाही.

एवढा खटाटोप कशाला, मोबाइलवर याहून स्वच्छ मुद्रण होतं, हा आक्षेप नव्या मुद्रणापुरता मला मान्य आहे. पण जुन्या कॅसेटांचं काय? पोर्टास्टुडिओ १४४ टेप साध्या डेकच्या दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, ओढतं आणि चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहितं. ती कॅसेट साध्या डेकवर घातली तर दोन ट्रॅक निम्म्या वेगाने ऐकू येतात आणि उलटी केल्यावर उरलेले दोन मागून पुढे. दोन्ही बाजू संगणकात घेऊन वेग आणि दिशा सुधारता येतात, हेही खरं. अडतं ते जुळणीत: डेक दोन फेऱ्यांत तंतोतंत एकाच वेगाने धावत नाही, त्यामुळे गाण्याच्या शेवटापर्यंत गिटार आणि गळा एकमेकांपासून सरकलेले असतात. शिवाय नंतरच्या काही मॉडेलांत खरखर दाबायला डीबीएक्स वापरलेलं आहे. त्यात दाबलेला आवाज पुन्हा योग्य मापात उलगडणारं सर्किट साध्या डेकमध्ये सहसा नसतंच.